ठिगळकाकूंचा डावा कान

"चिंधीला हसू नका, ठिगळ तिचंच लागतं."

ठिगळकाकू हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, ते मोजायला कुणी बसलं नाही. सुईत दोरा ओवताना म्हणत, चादर झटकताना म्हणत, कुणी काही बोललं नसलं तरी म्हणत. एखाद्याला जन्मभर द्यायचं राहिलेलं उत्तर तोंडात घोळत असावं, तसं. ते उत्तर कुणाला होतं, हे आम्हा लॉन्ड्रीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तो माणूस दर शनिवारी संध्याकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. त्यांचा थोरला भाऊ, निवृत्त मास्तर. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, आणि पेनापेक्षा ताठ मान.

आमची लॉन्ड्री म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या पाठीमागची बसकी इमारत. पुढच्या दारानं माणसं येतात, मागच्या दारानं त्यांच्या चादरी. धुण्याचा हॉल, इस्त्रीचा हॉल, आणि टोकाला एक अरुंद खोली. तिला सगळे रफूची खोली म्हणत. त्या खोलीत एक काचेचं टेबल होतं, काचेखाली दोन नळीचे दिवे. टेबलावर चादर पसरली की कापड दुधासारखं उजळायचं आणि त्यातलं प्रत्येक भोक टिपूर होऊन डोळ्यांत भरायचं. कितीही बारीक असो, त्या टेबलापासून भोक लपत नसे. त्या टेबलाशी ठिगळकाकू सहा वर्षं बसल्या होत्या. समोर गाउनांची बटणं लावणारी बसायची, तिला बटणवालीच म्हणत.

नाव कुणी ठेवलं, तर धुण्याच्या हॉलमधल्या चेष्टेखोरांनी. काकूंना कळलं तेव्हा त्यांनी खडूनं आपल्या खुर्चीच्या पाठीवर तेच नाव लिहून टाकलं. ज्या नावाला हसायचं ते आपणच आपल्या कपाळावर लिहून ठेवलं की हसणाऱ्याचं तोंड आपोआप मिटतं. तसंच झालं. नाव राहिलं, हसणं गेलं.

काकूंची शाळा सातवीत संपली होती. आईचा हात मोडला, घर बघायला कुणीतरी हवं होतं, आणि घरात मुलगी एकच होती. दादा शिकला. दादाच्या पुस्तकांना कव्हरं काकू घालायच्या, आणि कव्हर घालता घालता जेवढं दिसेल तेवढं वाचायच्या. म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान आणि शेवटचं पान. मधलं सगळं राहिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी सासरी गेली, तरी ते मधलं राहिलेलंच होतं.

मुलीनं जुना मोबाईल दिला आणि त्यात फुकटच्या शिकवण्या कुठे असतात ते दाखवलं. देशोदेशीचे प्राध्यापक, नामवंत विद्यापीठांचे, आपापले वर्ग उघडे ठेवून बसलेले. दार लोटायचं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. कोणी हजेरी घेत नाही, कोणी उठवत नाही. काकूंना पहिले चार दिवस खरंच वाटेना. पाचव्या दिवशी त्या रफूच्या खोलीत डाव्या कानात मोबाईलचं ते ऐकायचं बोंडूक घालून आल्या. उजवा कान मोकळा. उजवा मुकादमाचा, डावा माझा, असं त्यांनी बटणवालीला सांगितलं.

आणि मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. आधी ज्वालामुखी. मग मधमाश्या, मग करारांचा कायदा, मग पूल का पडतात. मग संगीतातले सूर, मग आकडेशास्त्र, मग जुनी चित्रं दुरुस्त कशी करतात, मग समुद्राचा तळ. आपल्या भाषेतलं असेल ते शिवता शिवता ऐकायचं. परक्या भाषेतलं असेल तर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी जेवणाच्या सुट्टीत, एका हातात घास आणि एका हातात मोबाईल धरून वाचायच्या. एखादा विषय चार दिवसांत सुटायचा, एखादा चार महिने चालायचा. परीक्षा त्यांनी कधी दिली नाही. शेवटी प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे भरा, असं यायचं. काकू तिथून हळूच उठून पुढच्या वर्गात जायच्या.

त्यांच्या लक्षात राहण्याची तऱ्हाही न्यारी. ज्या कापडावर हात चालू असताना धडा ऐकला, त्या कापडाला तो चिकटायचा. बटणवालीनं भूकंपाचं काही विचारलं की काकू डोळे मिटून म्हणायच्या, थांब, भूकंप बाळांच्या दुपट्यांवर होता. आणि दुपटं हातात घेतलं की घडाघडा सांगायच्या. कराराचा कायदा डॉक्टरांच्या कोटांवर होता. कोट आला की काकूंचा आवाजच वकिलासारखा व्हायचा. बटणवाली रोज सकाळी विचारायची, "काकू, आज कुठं जायचं?" आणि काकू म्हणायच्या, "आज समुद्राखाली. बटणं नीट धर, बुडतील."

दादा मात्र शनिवारी फाटकाशी तेच ऐकवायचे. एक ना धड, भाराभर चिंध्या. अगं, एक विषय धर. परीक्षा दे. कागद मिळव. कागदावाचून शिक्षण म्हणजे पावतीवाचून खरेदी. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चाळीस वर्षं इयत्तांच्या पायऱ्यांवरून मुलं चढवली होती. पायऱ्या सोडून कुणी शेतातून आडवं चालू लागलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

काकू हसून म्हणायच्या, चिंधीला हसू नकोस दादा. आणि चढाच्या रस्त्यानं चालू लागायच्या.

हे असं चाललं असतं. पण त्या वर्षी चादरींना भोकं पडू लागली.

फाटणं वेगळं. फाटणं आम्हाला नवं नव्हतं. चादर खिळ्याला अडकते, खाटेच्या चाकाखाली येते, माणूस यातनेत मुठीत धरतो तेव्हा फाटते. ही भोकं तशी नव्हती. टाचणीच्या डोक्याएवढी, एका चादरीत वीस, तीस, चाळीस. दोन महिन्यांत रफूचा ढीग दुप्पट झाला. ब्लीच जास्त पडतंय, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. ब्लीच जास्त पडतंय म्हणजे धुणाऱ्याचा हात सुटलाय.

धुणारे दोघे होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार आबांचा. आबा म्हणजे केस पिकलेला, शांत गडी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार शीळवाल्याचा. तो यंत्राच्या तालावर शीळ घालायचा, म्हणून शीळवाला. त्याला दोन जुळ्या मुली होत्या आणि आवाज काढायची एकच सवय.

काकूंनी ठरवलं, मोजायचं. आकडेशास्त्राचे धडे ताजे होते. अंदाज म्हणजे आळशी माणसाची मोजणी, असं त्यातले प्राध्यापक म्हणायचे, आणि काकूंना ते फार पटलं होतं. फाटक्या कपड्यांची ट्रॉली दोन दिवसांनी एकदा यायची. एक दिवस आबांचा, दुसरा शीळवाल्याचा, असे दोन दिवसांचे कपडे एका ट्रॉलीत. काकू सकाळी आठला यायच्या तेव्हा ढीग टेबलाशेजारी तयार असायचा. पहिल्या दिवसाचे कपडे खाली, दुसऱ्या दिवसाचे वर. हे शेंबड्या पोरालाही कळेल. तर वरच्या अर्ध्यातली चादर असेल तर तिच्या कडेला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, तो शीळवाल्याचा. खालच्या अर्ध्यातली असेल तर निळा, तो आबांचा. आणि चादरीतली भोकं वहीत लिहायची.

पाच आठवडे मोजलं. निळा वाढत वाढत लालच्या सहापट झाला.

एका सोमवारी मुकादम रफूच्या खोलीत आले. मागे इस्पितळातून बोलणी बसत होती, कपाळाला आठ्या होत्या. भोकांचं काही कळतंय का कुणाला, असं त्यांनी सहज विचारलं. काकूंनी सुई बाजूला ठेवली, वही उघडली आणि म्हणाल्या, "आबांच्या दिवसाच्या चादरी आहेत. मोजलंय मी."

बटणवाली पुढे सांगायची, की ते बोलताना काकूंच्या चेहऱ्यावर वर्गात पहिल्यांदा हात वर केलेल्या मुलीचं हसू होतं.

दुपारपर्यंत आबांना यंत्रावरून काढून पोत्यांच्या घड्या करायला बसवलं. शनिवारी चौकशी ठरली. दोष शाबीत झाला तर नोकरी गेली, हे मुकादमांनी चार माणसांत सांगितलं. यंत्र सहाही दिवस शीळवाल्याकडे आलं, आणि त्या दिवसापासून त्याची शीळ बंद झाली.

काकूंना वाटलं होतं, आबा भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. आबा संध्याकाळी रफूच्या दारात आले आणि आपले दोन्ही हात पुढे धरून बघत म्हणाले, "तुम्ही मोजलंत म्हणजे असेल, काकू. माझाच हात आता मापात राहिला नसेल. वय झालं." आणि गेले. एकतीस वर्षं ज्या हातानं माप चुकलं नाही, त्या हातावरचा त्या माणसाचा भरवसा काकूंच्या एका वाक्यानं उडाला होता.

मंगळवारी दादा शनिवारची वाट न बघता आले. आबा आणि ते एकाच बाकावर बसून चहा पिणारे. काकू फाटकाबाहेर येताच त्यांनी सुरू केलं, आणि आम्ही हातपाय धुण्याचं निमित्त करून नळाशी उभे राहिलो.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस ती झालीस, आता दुसऱ्याचं घर कशाला रंगवतेस? चार धडे ऐकले आणि निघाली न्याय करायला."

"मोजलंय दादा."

"मोजायला मीही मोजतो. काय मोजतोय ते कळायला पाया लागतो, पाया. तुझं सगळं वरवर."

काकूंनी त्या दिवशी चिंधीचं वाक्य म्हटलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी त्यांना घरी बसवेना. आठला यायच्या, त्या सातलाच आल्या. रफूची खोली उघडी, ढीग अजून यायचा होता. सवयीनं डाव्या कानात बोंडूक घातलं. दुर्बिणींचा धडा लागला. तो आधी एकदा पडद्यांवर ऐकलेला होता, पण काकूंना नवं काही ऐकायची वासना नव्हती. प्राध्यापक सांगत होते, की आकाश बघायच्या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, वरचं खाली आणि खालचं वर. बघणाऱ्यांनी चंद्राचे नकाशेही तसेच उलटे काढले. त्यात काही बिघडत नाही, फक्त आपण उलटं बघतोय हे ध्यानात ठेवायचं.

तेवढ्यात ट्रॉलीवाला आला. धष्टपुष्ट माणूस, एकेक कपडा काढून ठेवायचा त्याला कंटाळा. त्यानं ट्रॉली टेबलाशेजारी लावली, एक पाय चाकाला दिला, आणि दगडी पाटा पालथा घालावा तशी ती अख्खी ट्रॉली पालथी घातली. ढीग पडला. ट्रॉली उचलून तो निघून गेला.

काकू बघत राहिल्या. तळाशी असलेला सोमवार ढिगाच्या डोक्यावर बसला होता. मंगळवार जमिनीला टेकला होता.

सहा वर्षं तो ढीग असाच पडत होता आणि सहा वर्षं काकूंनी तो पडताना पाहिला नव्हता. त्या यायच्या आठला. ढीग यायचा साडेसातला. लाल म्हणून जे शिवलं ते सगळं आबांचं होतं. निळं म्हणून जे शिवलं ते शीळवाल्याचं.

बटणवाली आली तेव्हा काकू त्या ढिगाशी जमिनीवर बसून होत्या. तिनं विचारलं, आज कुठं जायचं? काकू म्हणाल्या, आबांकडे.

आबा पोत्यांच्या ढिगाआड होते. काकूंनी आडपडदा ठेवला नाही. मी उलटं वाचलं आबा, भोकं तुमच्या दिवसाची नाहीत, असं सरळ सांगितलं. दुसरा कुणी असता तर सुटकेचा श्वास टाकला असता. आबांनी पोतं खाली ठेवलं.

"म्हणजे आता त्याच्या गळ्यात पडणार," ते म्हणाले. "त्याच्या दोन मुली शाळेत आहेत. काकू, एकदा घाई झाली. पुन्हा करू नका."

आमच्यातल्या कुणी हे सांगितलं असतं तर काकूंनी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. ज्याला त्यांच्या घाईचा चटका बसला, त्यानं सांगितलं. काकू परत आल्या आणि टेबलाचे दिवे लावून एकेक भोक नव्यानं बघू लागल्या. कुणाच्या हातानं पडलं हे विसरून, नुसतं भोक. तेव्हा त्यांना ते दिसलं जे पाच आठवडे मोजण्याच्या नादात दिसलं नव्हतं. प्रत्येक भोकाच्या काठाला केसाएवढी बारीक कड होती, कोऱ्या चहाच्या रंगाची.

त्यांनी बटणवालीला अभ्रे मागितले. जुने, धुवून मऊ झालेले. चित्रं दुरुस्त करायचा धडा अभ्र्यांवर होता. एक अभ्रा मांडीवर घेऊन, त्यावर हात फिरवत त्या डोळे मिटून बसल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. जुन्या चित्रांचं कापड लाकडी चौकटीला लोखंडी खिळ्यांनी ठोकलेलं असतं. शेदोनशे वर्षांनी बाकी कापड धड असतं, पण खिळ्याभोवती ते कुजून त्याचा भुगा होतो. गंज कापड खातो. पाण्यातल्या गंजाचा कण चादरीवर बसला आणि त्यावर ब्लीच पडलं, तर ब्लीच त्या जागी दसपट जोरानं चावत असणार. कण धुवून जातो. भोक राहतं.

"मग गंज आणि शीळवाल्याचा काय संबंध?" बटणवालीनं विचारलं.

"तेच विचारायला निघालेय," म्हणत काकू बॉयलरवाल्याकडे गेल्या.

बॉयलरवाल्याला कुणी कधी काही विचारत नसे, त्यामुळे विचारलं की तो पोटभर सांगायचा. इस्पितळाचा नवा मजला उठला, पाणी पुरेना, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मागच्या अंगणातली जुनी लोखंडी टाकी पुन्हा जोडली. सिमेंटच्या टाकीचं पाणी एक दिवस, लोखंडी टाकीचं एक दिवस, असा वरून हुकूम. सोमवार, बुधवार, शुक्रवार सिमेंटचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार लोखंडाचा. त्यात काय एवढं, असं तो म्हणाला. त्याचंही बरोबर. त्याला दिवस माहीत होते, चादरी माहीत नव्हत्या. आम्हाला चादरी माहीत होत्या, दिवस माहीत नव्हते.

काकू आता घाई करणार नव्हत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी धुण्याच्या यंत्राच्या नळाला पांढऱ्या कापडाचा चौपदरी तुकडा बांधला, दिवसभर सगळं पाणी त्यातून जाऊ दिलं, आणि संध्याकाळी सोडून घेतला. शुक्रवारी दुसरा तुकडा बांधला. शीळवाला दोन्ही दिवस शेजारी उभा राहून बघत होता. शुक्रवारी संध्याकाळी दुसरा तुकडा सुटला तेव्हा मात्र त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी धरले, आणि जाताना त्याच्या ओठांतून शीळेचा एक सूर निघून गेला.

शनिवारी चौकशी इस्त्रीच्या हॉलमध्येच झाली. मुकादम, इस्पितळाचे अभियंते आणि मुख्य परिचारिका. आबा हात मागे बांधून उभे. आम्ही इस्त्र्या थांबवल्या होत्या. मुकादमांनी काकूंची वही पुढे केली आणि सांगितलं, की या बाईंनी पाच आठवडे मोजलंय, यांचंच ऐका.

काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ती वही उलटी वाचा. निळं म्हणजे लाल, लाल म्हणजे निळं. मी चुकले होते."

मुकादम हसले. ते हसू आम्हाला झोंबलं, कारण त्यात आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं हिणवणं होतं. ते म्हणाले, मागच्या सोमवारी एक, या शनिवारी दुसरं, पुढच्या आठवड्यात तिसरं. अभियंत्यांनी चष्मा वर करून, आवाज न चढवता, विचारलं, "तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. आणि त्यानंतरचं सगळं."

"कुठल्या विषयात?"

"जो मागच्या बाकावर बसू देईल त्या. साहेब, कागद माझ्याकडे एकही नाही, ते आधीच सांगते. कागदवाले इथे तीन महिने येऊन गेले, एकानंही भोकाकडे वाकून बघितलं नाही. चूक मी केली ती ढीग न बघता केली. मी चुकले, ते मीच शोधलं, आणि मीच सांगायला आलेय. आता तुम्ही वाका."

काकूंनी ट्रॉलीवाल्याला खूण केली. त्यानं भरलेली ट्रॉली आणली आणि रोजच्यासारखी पालथी घातली. ढीग पडला. मुख्य परिचारिका स्वतःशीच म्हणाल्या, अरे, हे तर उलटं झालं. मग काकूंनी कापडाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. शुक्रवारचा पांढरा. गुरुवारचा विटेच्या रंगाचा, हाताला खरखरीत. या आठवड्यात मंगळवारपासून एकाच माणसानं धुतलं, तरी भोकं एकाआड एका दिवसाचीच आहेत, एवढं एक त्यांनी वर सांगितलं.

अभियंत्यांनी गुरुवारचा तुकडा बोटांत चोळला. बोट लाल झालं. ते उठून मागच्या अंगणात गेले, शिडी लावून टाकीचं झाकण उघडलं, आणि खाली उतरले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की आबांना बसायला खुर्ची मागवली.

तासाभरात टाकीची जोडणी तोडली गेली. आबा सोमवारपासून यंत्रावर. फळ्यावर सूचना लागली, की तांत्रिक कारणामुळे झालेली कापडाची हानी थांबवली आहे. त्यात काकूंचं नाव नव्हतं, आणि त्याखालीच दुसरी सूचना होती, कामाच्या वेळी मोबाईल बंद. ती सोमवारी आबांना हलवलं तेव्हाच सगळ्यांना शिस्त म्हणून लागली होती, काढायची कुणाला आठवण झाली नाही. मुकादमांनी दाराशी काकूंना हटकलं, आवाज आता मऊ होता. काकू, नियम आहे.

"नियम माझ्या हातांना लावा," काकू म्हणाल्या. "एक टाका सैल निघाला तर सांगा. डावा कान इस्पितळाच्या मालकीचा नाही."

मुकादम बाजूला झाले. सूचना अजून आहे. कानही आहे.

बटणवालीनं त्या संध्याकाळी विचारलं, की एवढ्या चादरींवर खोटे टाके पडलेत, लालच्या जागी निळे, उसवायला बसू या का दोघी? काकूंनी नको म्हटलं. "राहू देत. चूक उसवून टाकली तर पुढच्याला कळायचं कसं, की मोजायच्या आधी ढीग पडताना बघायचा असतो?" म्हणून आमच्या इस्पितळात आजही काही खाटांवर कडेला एक रंगीत टाका असलेली चादर असते. आजारी माणसं त्यावर बोट फिरवतात. त्यांना वाटतं, खूण असेल वॉर्डाची.

साडेपाचला काकू फाटकाशी आल्या. दादा उभे होते. आबांनी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. मान नेहमीएवढी ताठ नव्हती. हातात एक अर्ज होता. काकूंचं नाव, जन्मतारीख, सगळं सुवाच्य अक्षरात भरून आणलेलं. बाहेरून बसता येतं परीक्षेला, त्यांनी सांगितलं. विषय तेवढा मोकळा सोडलाय. तुझी हुशारी आज सगळ्यांनी बघितली. आता तरी एक धर.

काकूंनी अर्ज घेतला, नीट वाचला. दादाचं अक्षर त्यांना लहानपणापासून आवडायचं. ते त्यांनी सांगितलंही. मग अर्ज परत त्यांच्या हातात ठेवला.

"दादा, दुर्बीण नसती तर ढीग कळला नसता. चित्रं नसती तर गंज कळला नसता. आकडे नसते तर मी चुकलेही नसते. यातलं कुठलं सोडू, तू सांग."

दादांनी अर्जाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "आईचा हात मोडला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की आळीपाळीनं जाऊ शाळेत. एक दिवस तू, एक दिवस मी. मला सुचलं नाही."

"तुला सुचायचं वय नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण रकाना तो एकच आहे रे. माझी मधली पानं त्यात मावायची नाहीत."

त्यांनी पिशवीतून बोंडूक काढलं, पदरानं पुसलं, डाव्या कानात घातलं. बटणवालीनं मागून हाक मारून विचारलं, काकू, आता कुठं? काकूंनी मागे न बघता हात वर केला आणि सांगितलं, मुंग्यांच्या वारुळात. आणि चढाच्या रस्त्यानं चालू लागल्या, रोजच्यापेक्षा जरा हळू. नवा विषय लागला की पावलं तशीच पडायची, ऐकत ऐकत.

धुण्याच्या हॉलच्या वाफाळत्या दारात आबा उभे होते, धुतलेल्या हातांनी. ते बघत राहिले. फाटकाशी दादा उभे होते, हातातल्या अर्जात एकच रकाना कोरा. वळणावर काकू दिसेनाशा झाल्या, तरी ते तिथेच होते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि टोपण न उघडता परत ठेवून दिलं.